एका घरात दोन ओनेझीम

२ नोव्हेंबर १९७१
कबरस्तानात जाऊन आलो. नदीवरचा वारा नुसता हाडांत शिरतो. नातसून कोलोंब सोबत. सातवा महिना, तरी वाकून वाकून दगडांवरची नावं वाचते! घराण्याची वंशावळ करायची आहे म्हणे.
"आजोबा, तुमच्यात झाडून सगळे जोसेफ! जोसेफ-एल्झेआर, जोसेफ-आदेलार... नुसतं जोसेफ म्हणून हाक मारली तर अख्खं गाव ओ देईल!"
म्हटलं, पोरी, जोसेफ देवासाठी, पुढचं नाव घरासाठी.
मग ती एका लहान दगडापाशी थांबली. जोसेफ-ओनेझीम, वय तीन. माझंच नाव. त्यात नवल नाही, मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे. पण ती म्हणाली, "आजोबा, हा मार्चमध्ये गेला. तुम्ही तर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतले!"
म्हणजे आम्ही दोघं एकदम—?

४ नोव्हेंबर
झोप नाही.

७ नोव्हेंबर
देलिमाताईकडे गेलो. थोरली बहीण, आता नन्सच्या वृद्धाश्रमात असते. आधी चिडलीच. "म्हाताऱ्या, हे आत्ता कशाला उकरतोस?" मग बोलली. माझ्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मामा आला, अमेरिकेतल्या गिरणीतून, कित्येक वर्षांनी. धर्मपित्याचं नाव बाळाला द्यायची रीत. त्यानं स्वतःचं दिलं— ओनेझीम. घरात त्या नावाचा एक पोरगा आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं! बाळंतिणीनं देवळात जायचं नाही ही रीत, म्हणून आई घरी अंथरुणावर. बाबा प्यालेले. मला घरी आणलं, नाव सांगितलं, तशी आई किंचाळली, "एका नावाचे दोघं राहायचे नाहीत!"
थोरला अंगणात बर्फात खेळत होता. धडधाकट. महिन्याभरात गेला.
ताई म्हणाली, "तू मात्र चांगला गुटगुटीत झालास हो."

१९ डिसेंबर
कोलोंब म्हणते, मुलगा झाला तर ओनेझीम. मी ओरडलो! ती रडली. नातू रोझेर म्हणाला, "आजोबा, ती तुम्हाला मान देते आणि तुम्ही भुतं घेऊन बसलात!"
भुतं नाहीत. नवा आला की जुन्यानं जायचं. एवढंच. मला जायचं नाही! ऐंशी म्हणजे काही फार नाही.

२० डिसेंबर
धर्मपिता व्हायला हो म्हटलं. ऐन वेळी दुसरं नाव घेईन— आदेलार. कोण अडवणार?

९ जानेवारी
मुलगा. केस काळेभोर.

१६ जानेवारी
फसलो. आदेलार ओठांवर होतं, पण फादरनी मला विचारलंच नाही. आईला विचारलं. हल्ली आई देवळात येते! कोलोंबनं खणखणीत सांगितलं, ओनेझीम. आणि माझ्याकडे बघून हसली. बाळाला हातात घेतलं. त्यानं माझं बोट धरलं, सोडेचना.

१७ जानेवारी
दाढी केली. स्वच्छ सदरा काढून ठेवला. उगाच कुणाची धावपळ नको.

२१ जानेवारी
अजून आहे.

२४ जानेवारी
सकाळी काठी न घेताच गोठ्यापर्यंत जाऊन आलो. धाप नाही. वाटाण्याचं सूप दोनदा मागून घेतलं, वर पाव. असली भूक कित्येक वर्षांत लागली नव्हती.
आत्ता रोझेरचा फोन आला. बाळ कालपासून दूध घेत नाही.