कंदिलवालीचा भाऊ

प्रिय अक्का,

लिहितो लिहितो म्हणत पोळा गेला, गणपती बसले, उठले, आणि मी अजून पहिल्याच ओळीवर. धर्माबादेत कागद घेऊन बसलो तर बाजारातल्या मिरचीच्या ठसक्यानं डोळ्यांतून पाणी, अक्षर दिसेना. नांदेडात बसलो तर अकरमनं हाक मारली, टेम्पो भरायचाय, चल. खरं सांगू का, ठसका न्हाई आणि टेम्पो न्हाई, मलाच हे जुनं लिहायला नको वाटत होतं. फोनवर बोललो असतो, पण फोनवर मी जुन्या गावाचं नाव काढलं की तू म्हणतेस, कुकर झालाय, ठेवते. तुझा कुकर दिवसभर होतच राहतो अक्का. म्हणून कागद. कागदाला तुला मधेच ठेवता यायचं न्हाई.

तू सांगितलं होतंस, लातूरला कामाला चाललास तर तनूला भेट, समजावून सांग, क्लासचं एवढं वर्ष काढ म्हणावं. वर असंही म्हणालीस की तू मोकाट फिरलास, माझ्या लेकीला तरी बिघडवू नको. हाव, भेटलो तिला. त्याचंच लिहायचंय. पण त्याआधी दुसरं एक सांगतो, त्याच्याशिवाय हे तुला कळायचं न्हाई. आणि माझं तर तुला ठाऊकच आहे, निलंग्याला निघालेला माणूस मी, उदगिरात उतरतो.

सध्या मी अकरमकडं आहे. नांदेडात इतवारा भागात त्याचं फ्लेक्सचं दुकान. तो छापतो, मी शिडी लावून टांगतो. दाजींच्या दुकानाचा बोर्ड आम्हीच केला होता, तोच अकरम. आता सगळं काम क्लासवाल्यांचं. लातुरात तर आभाळ कमी आणि फ्लेक्स जास्त झालेत. हे फ्लेक्स कसे बनतात माहिताय का? पोरांचे पासपोर्ट फोटो येतात. झोप न झालेली, डोळे खोल गेलेली पोरं. अकरमची बहीण अफसाना कॉम्प्युटरवर बसते, ती त्यांच्या डोळ्यांखालचं काळं पुसते, गाल भरते, ओठांचं टोक जरासं वर ओढते, अंगात पांढरा कोट घालते आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवते. खाली लिहायचं, आमचे भावी डॉक्टर. मागच्या पंधरवड्यात त्यात तनूचा फोटो आला. अफसाना पुसायला लागली तर मी म्हणालो, थांब, आधी बघू दे. नीट बघितलं. मग तिनं पुसलं, आणि तो फ्लेक्स मीच औसा रोडला टांगला. आपली तनू त्याच्यावर लई हसरी आहे.

तर अफसाना. काम नसलं की ती जपानी कार्टून बघते, खाली इंग्रजी अक्षरं पळतात ती वाचत. एक दिवस पडद्यावर एक पोरगी कंदील गरगर फिरवते आणि तिचा साधा झगा चांदीचा होतो, केसांना रिबिनी येतात. मी शिडी तिथंच टाकली. अक्का, कंदिलवाली! गुरुबसप्पा काकांच्या घरी, दारात उकिडवं बसून आपण बघायचो ती. मी सात-आठ वर्षांचा, तुझ्या लग्नाचं बोलणं चाललेलं. कार्टून इंग्रजीत, तुला ना मला त्यातलं एक अक्षर कळायचं. काका खाटेवरून ओरडायचे, समजतंय का काय, का नुसती वीज जाळताय? आणि तू माझ्या कानात सगळं मराठीत सांगायचीस. ही भाताचा मुटका खाते. ही आईवर रुसली. आता कंदील फिरवणार बघ, आता काळ्या माणसाची पळता भुई थोडी. मला वाटायचं तुला इंग्रजी येतं. माझी छाती फुगायची, आपली अक्का इंग्रजी जाणते.

अफसाना हसली, म्हणाली, "इत्ते बडे होके पोट्टियों का कार्टून देखते क्या?" पण मग तिनंच सांगितलं. आपण बघितलेली कंदिलवाली ही खरी कंदिलवाली न्हवतीच. इंग्रजीत करताना लई बदललं होतं. मूळ पोरीचं नाव कोहारु, इंग्रजीत केली डेझी. दुकानांवरच्या जपानी पाट्या पुसून पांढऱ्या केल्या. भाताच्या मुटक्याला म्हणायचं केक. मी म्हणालो, आमची अक्का तर मुटकाच म्हणायची. तिनं दोन्ही काढून दाखवले, आधी इंग्रजी, मग जपानी. तो भाग आठवतो का तुला, कंदिलवाली पडक्या भिंतीपाशी बसलेली असते, हातात लहान पोराची एक चप्पल? इंग्रजीत तिथं आवाज सांगतो की तिचा धाकटा भाऊ दूरच्या शाळेत, हॉस्टेलात शिकायला गेलाय, मजेत आहे, मोठा होऊन येणार, म्हणून तिला त्याची आठवण येते. मूळ जपानीत तो भूकंपात मेलेला असतो. घराखाली. कंदील ती त्याला शोधायला फिरवत असते, जादू त्यातनंच आलेली. अफसाना चिडून म्हणाली, "कायकू झूट बोले रे इनो लोगां, बच्चों से?" बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो.

कारण तू मला तेच सांगितलं होतंस. हॉस्टेलबिस्टेल काही न्हाई. तू म्हणाली होतीस, मेला तो. बघ की, एकच चप्पल हाय हातात.

मला तेव्हा वाटलं होतं तू मनानं रचून राहिलीस. पुढं कधीतरी, दादा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, ते मला एकदाच बोलले, बापलेक दोघंच असताना. भूकंपात जुनं गाव पडलं तेव्हा तू आठ वर्षांची. त्या पहाटे दगडमातीतून तुला ओढून काढलं तर तुझ्या मुठीत धाकट्या भावाची, शिवशंकरची, एक चप्पल होती. तो अडीच वर्षांचा. मूठ उघडेना म्हणून चपलेसकटच तुला तंबूत नेलं. मग आईनं पोरं थांबवायचं झालेलं ऑपरेशन उलटवून घेतलं, मी झालो, आणि मलाही तेच नाव. आपल्या नव्या गावात माझ्यासारखी घरटी पोरं आहेत, गेलेल्याच्या नावाची. शाळेत असताना भूकंपात गेलेल्यांच्या स्तंभावर आपलंच नाव कोरलेलं वाचणं काय असतं, ते आम्हालाच ठाऊक. कोणी सांगत न्हाई, कोणी विचारत न्हाई. नाव त्याचं, आवाज माझा. मी गावात टिकत न्हाई म्हणून तू बोलतेस ना, तर तिथं मी आधीच आहे की, दगडावर. पण जाऊ दे. सांगायचं ते हे, की तुला इंग्रजी कळत न्हवतं म्हणूनच तुला फसवता आलं न्हाई. आवाज काहीही बोलू दे, तू चित्र बघत होतीस.

आता तनूचं. गेल्या रविवारी भेटलो. क्लासच्या हॉस्टेलची चार मजली इमारत, जाळीच्या खिडक्या, खाली रखवालदार. ती खाली आली. "मामा, कसा आहेस? मी मस्त. टेस्टमध्ये मार्क वाढलेत. मम्मीला सांग, टेन्शन घेऊ नको म्हणावं." असं घडाघडा, रोज तुला सांगते तसंच. आणि अक्का, तिच्या पायात एक चप्पल तिची आणि एक दुसऱ्याच कोणाची. मी म्हणालो, हे काय गं, नवी फॅशन का? तिनं खाली बघितलं, पण हसली न्हाई. तिला ते आधी दिसलंच न्हवतं, आणि दिसल्यावरही काही वाटलं न्हाई. भांगाजवळचे केस गेलेत. तिची गोधडी खोलीतल्या पोरीला देऊन टाकली म्हणे, गरम होतं. रंगीत पेनं वाटून टाकली, कामाची न्हवती. माझ्या शिडीकडं बघून म्हणाली, ही चौथ्या मजल्यापर्यंत पोचते का रे? मी म्हणालो, तुला पळवून न्यायला का? तर म्हणाली, न्हाई, असंच. मग कानातली फुलं काढून माझ्या हातावर ठेवली. आजीला दे, इथं चोऱ्या होतात.

मी वर गेलो, रेक्टर बाईंना म्हणालो, पोरीला चार दिवस घरी नेतो. त्या म्हणाल्या, पालक आले तरच. मामा चालत न्हाई. तुम्ही कोण, काय करता? मी म्हणालो, फ्लेक्स टांगतो. त्यांनी रजिस्टर मिटलं. त्यांचंही चुकलं न्हाई, माझ्याकडं बघून कोण पोरगी हवाली करील? तेव्हापासून लातुरातच मुक्काम ठोकलाय. रोज, काम असलं नसलं तरी, समोरच्या चहावाल्याच्या बाकावर येऊन बसतो. चौथ्या मजल्याच्या जाळीकडं बघतो. ती संध्याकाळी तिथं येऊन उभी राहते. हात करत न्हाई. मी करतो, ती बघते आणि करत न्हाई. माझ्यानं याच्यापुढं काही होत न्हाई अक्का. इतकी गावं फिरलो, कुठल्याच गावात असा लुळा पडलो न्हवतो.

कानातली फुलं काल निलंग्याच्या बसवाल्या भुजंगजवळ आईसाठी दिली. निरोपही दिला, तनूनं ठेवायला दिलीत, बरी आहे, काळजी करू नको. भुजंगनं फोन केला, की म्हातारीनं निरोप ऐकलाच न्हाई. फुलं ओंजळीत धरून पत्र्याखाली बसली ती बसलीच. तुला माहीत आहे, आपल्याकडं कानातलं कधी उतरवतात. त्या वेळी गावच्या गाव सरणावर गेलं तेव्हा आईनं बायकांच्या, पोरींच्या कानातलं स्वतःच्या हातानं उतरवलं होतं. म्हणून तनूला फुलं घालताना म्हणाली होती, जित्या माणसानं कान मोकळे करू न्हाई. मला हे फुलं देऊन झाल्यावर आठवलं. आणि करणार काय आई तरी? सरकारनं दिलेल्या घरात ती एक दिवस झोपली न्हाई, दाराशी पत्रे ठोकून त्याच्याखाली जन्म काढून राहिली. तुझ्या लग्नात कार्यालयात पाऊल टाकलं न्हाई, बाहेर मांडवात बसली. तनू झाली तेव्हा नांदेडच्या दवाखान्याबाहेर लिंबाखाली बसून राहिली, पोर बाहेर आणल्यावरच तिनं तोंड बघितलं. स्लॅबखाली जायचं म्हटलं की तिचे पाय उचलत न्हाईत.

म्हणून हे इथं बाकावर बसून लिहून राहिलो. समजावणं मला जमलं न्हाई, आणि जमलं असतं तरी केलं न्हसतं. तुला डॉक्टर का पाहिजे, तेही मला ठाऊक आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत एक डॉक्टर गावात पोचला न्हवता, हे दादांनीच सांगितलं. पण तनू तो डॉक्टर न्हाई, अक्का, ती नुसती तनू आहे. माझं एकच ऐक. आज संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉल लाव आणि फोनचा आवाज पार बंद कर. ती बोलेल, मस्त आहे, मार्क वाढलेत. ते ऐकू नको. नुसतं बघ, गुरुबसप्पा काकांच्या दारात बसून बघायचीस तसं. मग तुझं तूच मला सांग, ही पोरगी हॉस्टेलात मजेत आहे का तू मला सांगितलं होतंस ते खरं आहे. आणि निघ. पालकालाच सोडतात, मला न्हाई. अकरमचा टेम्पो आत्ता इथनं तुमच्या नायगावला निघालाय, हे पत्र तो दाजींच्या दुकानावर देईल.

थांब. अकरमला थांबवलंय. समोर रिक्षातून कोणीतरी उतरलं, विटकं लुगडं, हातात गाठोडं. अक्का, आई आहे. लातूरला, एकटी. रखवालदार सांगून राहिला, भेटायचं रविवारी, आणि ती त्याच्या तोंडाकडं बघतसुद्धा न्हाई, वर खिडक्यांकडं बघते. चौथ्या मजल्याच्या जाळीत आत्ता तनू न्हाई. आईनं गाठोडं त्याच्या खुर्चीवर ठेवलं. देवळाबाहेर काढतात तशा चपला पायरीशी काढल्या. एक हात भिंतीला लावलाय, दुसरी मूठ मिटलेली, त्यात फुलं असणार. पहिली पायरी चढली. उभी राहिली, मान वर करून स्लॅबकडं बघितलं. दुसरी चढली. अक्का, आई जिना चढून राहिली. मी तिच्या मागं चाललो. तू निघ.

तुझाच,
शंकर