सीताफळाच्या बिया आणि सुनेवरची पाळत

मी, गिरिजाबाई तातेराव दांडगे, वय ७२, निवृत्त शिक्षिका, राहणार केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय, माझ्या मिळकतीची व्यवस्था स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. मजकूर कुणाला दाखवलेला नाही. दाखवला की सल्ले सुरू होतात.

१. बँकेतली ठेव मुलगा राजानंद याला. परसातली सीताफळाची झाडं मात्र त्याला नाहीत. तिथे दुकानाचे गाळे काढायचं त्याच्या मनात आहे. बोलत नाही, पण टेप घेऊन मोजताना मी पाहिलं.

२. या झाडांच्या बिया वाटून मी अर्क काढते. वापराच्या पाण्यात, गटारात टाकला की डासांच्या अळ्या मरतात. दर आठवड्याला नव्याने टाकावा लागतो. पिण्याच्या पाण्यात थेंबही नाही. त्या भांड्याला फक्त कपडा बांधावा. माझी मुलगी संध्या डेंग्यूने गेली. तेव्हापासून 'झाकण लावलंय' म्हणणाऱ्याचं पाण्याचं टिपाड मी स्वतः उघडून बघते. लोकांना राग येतो, येऊ दे.

३. सून प्रीती हिला वास सोसत नाही. बाटली लवकर संपायला लागली, तेव्हा ती अर्क ओतून देते असा मला संशय आला. मी पाळत ठेवली. ती बाटली घेऊन शेजारच्या कडूबाच्या हौदाकडे गेली. 'म्हातारी पाण्यात काहीबाही कालवते' असं याच कडूबाने गावभर केलं होतं. मी तिला तिथेच गाठलं. ती म्हणाली, "आत्याबाई, ह्या हौदातले डास आपल्याच घरात येऊन राह्यले. कडूबामामांना विचारलं, मंग टाकलं. भांडण तुमचं हाय, माझं न्हाई."

मी तशीच परतले. घरी येऊन रडले. संध्याच्या वेळी शेजारी अशी एखादी सून असती तर माझी पोरगी वाचली असती, असं वाटत राहिलं.

४. म्हणून घर, परस, झाडं आणि बिया वाटायचा पाटा प्रीतीच्या एकटीच्या नावे. पाटा स्वयंपाकाला घेऊ नये, बिया विषारी असतात. राजानंदला कोर्टात जायचं असेल तर त्याने आधी बहिणीच्या फोटोसमोर बसावं.

५. मी जिवंत असेपर्यंत हे प्रीतीला कळू देऊ नये. कळलं, तर ती घर मिळावं म्हणून अर्क टाकते असं मला वाटायला लागेल. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. तिच्यावर पुन्हा संशय घ्यायची माझी इच्छा नाही.

साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली. आतला मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही.

(सही) गिरिजाबाई तातेराव दांडगे

साक्षीदार:
१. रखमाजी सोनवणे (सही)
२. दैवशाला पगारे (सही)

केदारखेडा, दि. ९ सप्टेंबर २०२५