शिंगराचे दिवस

बा, आपल्या घोडीबद्दल तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुला जाऊन आता तीसेक वर्षं झाली. या काळात मी शेकडो सभांत बोलले, जमिनीसाठी, पाण्यासाठी, बायकांच्या हक्कांसाठी. माझा आवाज चढला की समोरची माणसं सरळ होऊन बसतात. पण माझ्या बोलण्याने पहिल्यांदा कुणाचं मत बदललं असेल तर ते तुझं, आणि तेही मागच्या पडवीत, जिथे घोडी बांधलेली असायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तू पनवेल ते बेलापूर टांगा हाकायचास. खाडीकडच्या कुरणावर नव्या शहरासाठी मातीचा भराव पडत होता, गवत कमी झालं होतं आणि गाभण घोडीच्या बरगड्या दिसत होत्या. शिंगरू मोठं झालं की त्याला टांग्याला जुंपायचं आणि म्हातारीला मोकळं करायचं, असं तू ठरवलं होतंस. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. लायब्ररीतून जनावरांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, त्यात होतं : घोडीचा गर्भकाळ अकरा महिने. मी कॅलेंडरवर खुणा केल्या. पौष लागला, अकरा महिन्यांवर बारा दिवस गेले, तरी घोडी आपली शांतपणे गवत चघळत उभी.

"तिचा तिला ठाव हाय," तू म्हणायचास. रोज सकाळी तिच्या सडांना हात लावून बघायचास. "व्यायच्या आदी सडांवर मेनासारखा थेंब येतो. अजून आला नाय. मागल्या खेपेला पन हिनं बारावा म्हैना लावला होता."

"मागल्या खेपेला दिवस मोजले होतेस का?" मी विचारलं. "कुठे लिहून ठेवलंयस? नुसत्या अंदाजावर जनावर मारायचं?"

आई चुलीपासून म्हणाली, "ऐक तिचा. ही बोलाया लागली का कावला पन ओरडायचा थांबतो."

तू हसलास. मी हसले नाही. शेजारच्या म्हशीच्या पोटात रेडकू मेलं आणि दोन दिवसांत म्हैसही गेली, ते मी तुला पुन्हा सांगितलं. कळा आणायचं इंजेक्शन देणाऱ्या कंपाउंडरला बोलवू, वाट पाहणं म्हणजे अडाणीपणा, असंही म्हणाले. हा शब्द मी तुझ्यासमोर वापरला. तू घोडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवलास. मग म्हणालास, "बरा. तू शिकलीस. बोलव त्याला."

कंपाउंडरला मीच सायकलवर जाऊन बोलावून आणलं. त्याने इंजेक्शन दिलं. दुपारी शिंगरू झालं. नर. अंगावरची लव आखूड, रेशमासारखी, कान लोंबते. उभं करावं तर पाय मुडपतात. तू त्याला कवेत घेऊन सडांशी नेतोस, बोटाने चीक तोंडात सोडतोस, पण ते चोखत नाही. घोडी त्याला चाटत राहते. दिवस मावळायच्या आत ते गेलं. तू डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या तोंडावर टाकलास.

दुसऱ्या दिवशी टांगा स्टँडवर तू सगळ्यांना सांगितलंस, "चूक माजी. मीच उशीर केला. पोर आदीपासून सांगत होती." त्यानंतर तू बदललास. भाताचं बी कधी टाकायचं, घोडीच्या सुजल्या पायाला काय बांधायचं, सगळं मला विचारायला लागलास. "पुस्तकान काय लिवलाय, बाय?" घोडीच्या अंगावर फिरणारा तुझा हात मध्येच थांबायचा.

पुस्तक परत करायला गेले तेव्हा लायब्ररीच्या बाकावर बसून मी पान उलटलं. अकरा महिने ही फक्त सरासरी, असं पुढच्याच पानावर होतं. नर शिंगरू बहुधा जास्त दिवस पोटात राहतं. थंडीत, दिवस लहान असताना विणाऱ्या घोड्या उशीर करतात. चारा कमी पडला तर दिवस वाढतात, आणि एखादी घोडी दर खेपेला बारावा लावते. म्हणून तारखेवर जाऊ नये, कास आणि सड पाहावेत. तू म्हणत होतास तेच, बा, फक्त छापलेलं. पोटातलं शिंगरू चांगलं होतं. त्याला अजून थोडे दिवस हवे होते.

तेव्हा तू जिवंत होतास. पुढे नऊ वर्षं होतास. रोज संध्याकाळी घरी यायचास, माझ्या समोर जेवायला बसायचास. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. सांगायचा धीर झाला नाही, असं मी स्वतःला समजावत आले. ते खरं नाही, धीर मला कधी कमी पडला नाही. तू मला विचारायचास, ते मला आवडायचं.