घरात माणसं किती

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, आई स्वतः मात्र कुरकुरत नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. फोनच केला असता, पण आपला फोन बाहेरच्या खोलीत आणि आईचा पलंगही तिथेच. जे तिच्याबद्दल बोलायचं ते तिच्या उशाशी बसून कसं बोलणार?

तुला ठाऊकच आहे की काचेचा कारखाना बंद पडल्यापासून कंपनीच्या या चाळी पाडायचं घाटतंय. आता ते नक्की झालं. गावाच्या पलीकडच्या टोकाला नव्या इमारती उभ्या राहिल्यात. ज्या घरात माणसं जास्त, त्यांना खोली जास्त. आमची पाच डोकी: मी, बायको, दोन्ही मुली आणि आई. म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळेल.

हे सगळं चाललेलं असताना विद्यापीठातून एक मुलगी आली आहे. कारखाना गेल्यावर घरं कशी बदलली याचा अभ्यास करते म्हणे. खांद्याला पोतं वाटावं एवढी पिशवी आणि प्रश्न मात्र बारीक बारीक. कोण कुठे झोपतं, शेवटी कोण जेवतं, टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात असतो. रिमोट सगळ्यांचा, असं मी सांगितलं, तेव्हा बायकोला एकदम खोकला आला.

इथवर ठीक होतं. मग ती म्हणाली, आजींशी एकट्याने बोलायचंय. माझ्याशी दिवसाकाठी चार शब्द न बोलणारी आपली आई तिच्याशी अख्खी दुपार बोलत बसली. मी आत डोकावलो तर मला दुकानात जायला उशीर होईल अशी आठवण करून दिली. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या माणसाची एवढी काळजी तिला आधी कधी नव्हती. त्या मुलीला विचारलं, काय बोलणं झालं. ती गोड हसून म्हणाली की ज्याचं बोलणं त्याचंच असतं, दुसऱ्याला सांगता येत नाही.

ताई, तुमच्या हॉस्पिटलात विद्यापीठातली माणसं येत असतात. ही तू तर पाठवली नाहीस ना? आईला मी कसा ठेवतो ते बघायला? राग मानू नकोस, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

भावजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हेर नेमायला मला फुरसत कुठली? वॉर्डात तीस खाटा आणि आम्ही दोघी नर्सा. लहानपणी औषधाची बाटली हुंगल्याशिवाय तू तोंड उघडायचा नाहीस, आणि हुंगल्यावर तर मुळीच नाही. तोच स्वभाव अजून आहे.

असे लोक आमच्याकडेही येतात. रुग्णांना विचारतात, तुम्हाला भेटायला कोण आलं, घरी गेल्यावर कोण बघणार. लिहून घेतात, आभार मानतात, जातात. कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही. आई कुणाशी तरी बोलते आहे याचा खरं तर आनंद व्हायला हवा. एवढंच खुपत असेल तर आईलाच विचार ना. की ते सोडून बाकी सगळं जमतं तुला?

मुलींना पापे. वहिनीला म्हणावं, खोकल्यावर मध चाट.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थट्टा पुरे. गोष्ट आता थट्टेची राहिलेली नाही.

शेजारच्या वायरमनचं म्हणणं आहे की ही मुलगी कंपनीचीच माणूस. घरात डोकी वाढवून कोण सांगतंय ते हुडकायला पाठवलेली. चाळीतल्या निम्म्या लोकांनी तिला दारातूनच वाटेला लावलं. मी तसं केलं नाही, कारण आपली पाच डोकी खरीच आहेत.

परवा दुपारी डबा विसरलो म्हणून घरी आलो. मागच्या बाजूने स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होतो. होय, चोरूनच ऐकत होतो, तुझ्यापाशी काय लपवू. त्या मुलीनं विचारलं, "आजी, तुमच्या घरात माणसं किती?" आणि आई, जराही न थांबता, म्हणाली, "दोन."

दोन! ताई, आम्ही पाच जण त्या घरात एकमेकांच्या पायात पाय घालून राहतो. हे दोन कोण? आईला मोजता येत नाही असं तर नाही. कारखान्याच्या पॅकिंग खात्यात तिच्या हातून कंदिलाच्या हजारो काचेच्या चिमण्या गवतात गुंडाळून गेल्या, एकही कमी पडली नाही.

अजून एक. मुलीचा चेंडू काढायला आईची ट्रंक सरकवली, तर ती हलकी लागली. उघडून पाहिली. दोन जुन्या शाली सोडल्या तर रिकामी. बाकीचे कपडे कुठे गेले? विचारलं तर म्हणाली, वाळत घातलेत. चार दिवस कपडे वाळत असतात का?

आता सरळ विचारतो. तू आणि आई, असे ते दोन आहेत का? मला न सांगता तिला तिकडे बोलावून घेतलंयस?

उत्तर लगेच पाठव. मनात अढी ठेवून लिहू नकोस, मीही ठेवलेली नाही.

धाकटा


२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

नाही, बोलावलेलं नाही. बोलावलं असतं तर तुझ्या तोंडावर सांगून बोलावलं असतं, खिडकीमागून नाही.

पण तुझी दोन्ही पत्रं मी पुन्हा वाचली. त्यांत खोल्या किती मिळणार ते आहे. डोकी किती ते दोनदा आहे. आई दिवसभर काय करते, कुणाकडे बसते, रात्री झोप लागते का, यातलं एक अक्षर नाही. मला इथून वाटायला लागलंय ते लिहूनच टाकते. आई त्या घरात आहे ती तुला आई म्हणून हवी आहे की पाचवं डोकं म्हणून? ती वजा झाली तर एक खोली वजा होईल, हे तुला तिचं उत्तर ऐकल्यावर सुचलं की आधीच सुचलेलं होतं?

वाईट वाटेल. वाटू दे. मी आईला वेगळं पत्र टाकते आहे. ते तिच्याच हातात पडेल एवढं बघ, आणि हुंगू नकोस.

ताई


६ मार्च

ती. ताईस,
सा. न. बाकी विनंती-विशेष काही नाही.

तुझं पत्र आईला न उघडता दिलं. माझं मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायचं धाडस नाही.

ती मुलगी काल आली तेव्हा मी दारातच सांगितलं की आमच्या घरात आता काही विचारायचं नाही. ती बरं म्हणून वळली. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पायात चपला सरकवल्या, तिच्या मागोमाग गेली, आणि कारखान्याच्या बंद फाटकापाशी बाकावर, साऱ्या चाळीच्या देखत, दोघी बसल्या. वायरमननं मला गॅलरीतून बोलावून दाखवलं. तोंड कुठे लपवू असं झालं.

खोलीबद्दल तू लिहिलंस ते खोटं आहे, असं लिहून दोनदा खोडलं. म्हणजे ते खरं आहे असं नाही.

धाकटा


९ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एवढे सवाल एकदम विचारलेस की मला वाटलं तूही विद्यापीठात लागलीस.

ते दोन म्हणजे मी आणि समोरच्या खोलीतली मावशी. पॅकिंगच्या बाकावर ती माझ्या डाव्या हाताला बसायची. मागच्या वर्षी तुझा भाऊ दुकानात, सून कामावर आणि मुली शाळेत असताना मी न्हाणीघरात घसरून पडले. मावशीनं आवाज ऐकला, मला उचललं, अंग पुसलं, लुगडं बदललं, महिनाभर कंबर शेकली. तुम्हा दोघांना कळू दिलं नाही. कळलं असतं तर तू मला तिकडे उचलून नेलं असतंस आणि त्यानं मला पलंगावरून उतरू दिलं नसतं. आता तिची नजर गेली आहे. दोन्ही वेळचं तिचं जेवण मी करते, गोळ्या बघून देते, जिन्यात हात धरते. कपडे तिच्याकडेच ठेवलेत, दिवस तिथेच जातो ना.

ती एकटी म्हणून तिला पलीकडे तळमजल्याला एक खोली मिळणार आहे. मी तिच्याबरोबर जाणार. ठरलंय.

त्या पोरीवर आळ घेऊ नका. तिनं मला काही शिकवलं नाही. तिनं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसली. एवढा वेळ माझ्यासाठी कुणी गप्प बसलं नव्हतं. तिनं विचारलं घरात कोण, तर मी तेच सांगितलं. पोटची किती असं विचारलं असतं तर तुमची नावं आधी घेतली असती.

आणि भावाला खोलीवरून बोललीस ते बरं केलं नाहीस. तो भित्रा आहे, लबाड नाही. त्याला दोन ओळी गोड लिही.

तब्येतीला जप. उभ्यानं जेवू नकोस.

तुझी,
आई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं माफीचं पत्र आलं. मीही तुला हेर नेमलेस म्हणालो होतो, तेव्हा फिट्टंफाट.

काल आईला मावशीच्या नव्या खोलीवर पोचवून आलो. पलंग मी आणि वायरमननं वाहिला. त्या मुलीचा कंपनीशी काही संबंध नाही हे तो अजून मानत नाही. आम्हाला आता एकच खोली आणि स्वयंपाकघर मिळालंय. खोली गेली याचं वाईट वाटलं, ते लपवत नाही. मावशीला दुकानात नेऊन डोळे तपासून घेतले. भिंगानं काही होण्यातलं नाही, डॉक्टर लागेल. पुढच्या आठवड्यात घेऊन जातो. इतकी वर्षं समोर राहिली आणि ती भिंत चाचपत चालते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिथून निघताना आईला विचारलं, रागावून इथे आलीस का. ती स्टोव्ह पुसत होती. म्हणाली, "नाही रे. तू मला काही कमी केलं नाहीस. पण तुझ्याकडे मी नुसती आजारी पडायची वाट बघत बसायचे. इथे मला काम आहे." मग मावशीला हाताला धरून तिनं नळ कुठे, खिडकी कुठे, ते दाखवायला सुरुवात केली. मी तिथेच उभा आहे याचा दोघींना विसर पडला.

घरी आलो. बायको सामान लावत होती. म्हटलं आपणही विचारून बघावं. तिला म्हणालो, या नव्या घरात तुला काय हवंय ते सांग, मी मध्ये बोलणार नाही. तिनं हातातला डबा खाली ठेवला, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे विचारायला तुम्हाला कुणी पाठवलं?"

उत्तराची वाट बघतो आहे. तिच्याही आणि तुझ्याही. आहे तितका जीव लावत राहा.

तुझा,
धाकटा