शेवाळ, दोन मासे आणि बाबा

३ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू जहाजावर जाऊन सव्वा महिना झाला. आम्ही ठीक आहोत, तुझी खाऱ्या पाण्याची टाकी ठीक नाही. दगडांवर हिरवं शेवाळ केसांसारखं वाढलंय. दर रविवारी पाणी बदलते, मीठ मोजून घालते, दिवा सहाच तास लावते. तरी काल नायट्रेटची चाचणी लालभडक आली, तक्त्यावर ऐंशी. दोन्ही मासे मात्र गुटगुटीत झालेत.

चांगली बातमी एकच. आई गेल्यापासून दोन घासांवर उठणारे बाबा आता पोटभर जेवतात. ताट घेऊन टाकीसमोरच बसतात. डॉक्टर म्हणाले, वजन दोन किलोंनी वाढलं.

लोभ वाढावा, शेवाळ वाढू नये, ही विनंती.

तुझी छोटी

१४ जून

चि. छोटीस, अनेक आशीर्वाद.

गुटगुटीत मासे ही बातमी नव्हे, पुरावा आहे. जास्तीचं खाणं पाण्यात कुजतं, त्याचं नायट्रेट होतं आणि शेवाळाचं फावतं. मी दिवसाला एक चिमूट सांगितली होती. कोणाचा तरी हात सैल सुटलाय, आणि घरात तुम्ही दोघंच आहात.

ऐंशीवर मासे फार दिवस काढणार नाहीत. त्यांना तीन दिवस कडकडीत उपास. रोज थोडं पाणी बदल, शेवाळ हाताने उपट, खाण्याचा डबा कुलपात ठेव. बाबांना नमस्कार सांग, किल्लीची जागा सांगू नकोस.

दादा

२५ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझा नेम बरोबर बसला. बाबा दिवसातून चार वेळा, अगदी चहालासुद्धा, चिमूट टाकत होते. विचारलं तर म्हणाले, समोर दोघं काचेला तोंड लावून बघत असताना आपण एकट्याने खायचं, हे त्यांना जमत नाही. आईचं ताट वाढल्याशिवाय त्यांनी कधी घास उचलला नाही, हे तुला ठाऊक आहे.

माशांना उपास घडवला. नायट्रेट चाळीसवर आलं, मासे मजेत आहेत. पण बाबांनीही तीन दिवस ताट सरकवून दिलं. भूक नाही म्हणाले. चौथ्या दिवशी जिना चढताना कठडा धरून खाली बसले. मला भीती वाटते रे. टाकी सांभाळू की बाबांना, ते तूच सांग.

छोटी

६ जुलै

चि. छोटीस, अनेक आशीर्वाद.

हा काय प्रश्न झाला? डबा आजच बाबांच्या हातात दे. फक्त रोजची एकच चिमूट चार पुड्यांत वाटायची, जेवणागणिक एक पुडी. मासे काही वजन करून बघत नाहीत. पाणी आठवड्यातून दोनदा बदल आणि शेवाळ खाणाऱ्या चार गोगलगायी आण. त्याउपर नायट्रेट वाढलंच तर वाढू दे.

मी इथून टाकीची चौकशी केली, बाबांच्या ताटाची केली नाही. त्याची लाज वाटते.

दादा

२ ऑगस्ट

चि. थोरल्यास, अनेक आशीर्वाद.

नायट्रेट दहा. पुड्या मीच बांधतो, छोटीचा हात फार सढळ आहे. शेवाळ जवळजवळ संपल्याने गोगलगायींची पंचाईत झाली आहे, पण त्यांना मी काही देणार नाही. मी नीट जेवतो.

छोटी सांगत होती, इंजिनखोलीतली पाळी संपली की तू केबिनमध्ये एकटाच जेवतोस. आई गेल्यावर महिन्याभरात तू निघालास, आणि मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तुझ्यासमोर कोण बसतं?

आम्ही चौघं दुपारी एकला जेवायला बसतो. तेव्हा तुझ्याकडे किती वाजलेले असतात आणि तू कधी जेवतोस ते कळव, म्हणजे तुझ्या वेळेला आम्ही बसू.

तुझा,
बाबा