धुतला की झालं

९ जुलै
केळी अन् कापूस दोन्ही करणाऱ्यांना कसलं शिक्षण हवं, ते लिहून घ्यायला शेतकीच्या बाई आल्या होत्या. वहिनीही आल्या. दादा गेल्यापासून शेत त्याच बघतात. उठून म्हणाल्या, "मॅडम, आमच्या दोन्ही घरांत फवारणीचा पंप एकच हाय. केळीले बी तोच, कापसाले बी तोच. चालते का?"
बाईंच्या आधी मीच बोललो, "धुतला की झालं! यात काय शिकवायचं?" सगळे हसले. वहिनी खाली बसल्या. माझ्या फॉर्मवर मी ऐटीत लिहिलं, गरज नाही.

१७ जुलै
सकाळी मी माझ्या केळीच्या सरीत तणनाशक मारलं. दुपारी तोच पंप वहिनींनी नेला, त्यांच्या कापसावर मावा पडलाय. मी दोन पाण्यांनी खंगाळून दिला.
"चांगला धुतला ना, भाऊजी?"
"हो हो."

२६ जुलै
वहिनींच्या कापसाची नवी पानं अरुंद, चिरलेली, थेट भेंडीची वाटावीत. बघताक्षणी पंप आठवला. घरी येऊन चष्मा लावला, तणनाशकाचा डबा वाचला. याचा पंप वेगळा ठेवा, कापसावर वापरू नका. तीन वर्षं हाच डबा आणतोय.
आणि वहिनींना काय सांगून आलो? बियाणं खराब निघालं. जीभ कशी झडली नाही.

२८ जुलै
वहिनी सिंधीपुऱ्याच्या बाजारात बियाणेवाल्याशी भांडून आल्या. चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "बाई, तुमको खेती नहीं आती." हे सांगत त्यांनी चहा केला. मला आवडतं म्हणून आलं घातलेलं. कप तसाच ठेवून उठलो.

२ ऑग.
सांगायचंच म्हणून गेलो. वहिनी कापूस उपटत होत्या. "अर्धं वावर मोडते, भाऊजी. काय पेरू आता?" मीही उपटायला लागलो. संध्याकाळपर्यंत उपटत होतो. तसाच घरी आलो. लाज वाटते, हे लिहायचीही.

५ ऑग.
शेतकीच्या बाई उद्या परत येणार. मी नवा फॉर्म घेतला. पहिल्याच ओळीत लिहिलं, पंप कसा धुवावा.
वहिनी आपलाही घेऊन आल्या. "मह्या वतीनं तुम्हीच लिहा. मले बियाणं ओळखता येत नाही, ते शिकवा म्हणा."
पेन हातात धरून बसलोय. त्यांना येत नाही असं काय लिहू? विचारायचं ते त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
वहिनी ओट्यावर बसल्यात. "झालं का, भाऊजी? वाचून दाखवा मले."