सव्वीस नंबरचं सामान

मंगळवार, ७ नोव्हेंबर १९६७

आज मी पुढच्या दाराने आत गेले. तूलियोने इथे एकतीस वर्षं पोर्टर म्हणून पाहुण्यांचं सामान वाहिलं, पण मला या हॉटेलचं फक्त गल्लीतलं मागचं दार माहीत. त्याचा डबा द्यायला तिथे उभी राहायचे. इथे कामाला लागला तेव्हा म्हणाला होता, तुला एकदा समुद्राकडच्या खोलीत उतरवीन, पाहुणी म्हणून. मी हसले होते. फेब्रुवारीत तो कामावर असतानाच वारला. आता मॅनेजर सिन्योर कोस्सुट्टांचं पत्र आलं, की तूलियोच्या आठवणीखातर आठवडाभर आमच्या पाहुण्या व्हा. आमच्या खालच्या मजल्यावरची ओंदिना म्हणाली, "जा गं, आणि अंगाला काम लावून घेऊ नकोस. जाशील तिथे झाडू शोधशील तू."

दुसऱ्या मजल्यावर सव्वीस नंबर. छत इतकं उंच की मान दुखते. छतावर गुबगुबीत देवदूत रंगवलेत, एकाचं नाक उडालंय. खिडकीत सगळं बंदर. मी पलंगावर बूट काढून आडवी पडले आणि मोठ्याने म्हटलं, बघ तूलियो, आले. मग थोडी रडले. पण चांगलं वाटलं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

सकाळी सवयीने पलंग आवरून टाकला. खोल्या झाडणारी नेवेंका आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती शहरामागच्या कार्सो पठारावरच्या गावातली, स्लोव्हेन, चाळिशीची, तोंडाने फटकळ. "स्योरा एद्दा, चादरी तुम्ही ताणल्यात, मग मी काय माशा मारत बसू?" पुढच्या दारातले लोक मला सिन्योरा म्हणतात, मागच्या जिन्यावरचे नोकर आमच्या बोलीतलं स्योरा. मला स्योराच बरं वाटतं.

तूलियो तिच्यासाठी साखरेचे खडे खिशात घालून आणायचा म्हणे. मला कधी बोलला नाही. तो कुठे पडला ते दाखव म्हटलं, तर तिने एकदम टॉवेल मोजायला घेतले.

दुपारी बाल्कनीत कॉफी घेतली. शेजारच्या सत्तावीसमध्ये बोलोन्याच्या सिन्योरा झानेत्ती आहेत, विधवा, माझ्याच वयाच्या. त्यांना विणकामातलं बरंच कळतं. त्यांनी माझी शाल उलटीकडून पाहिली आणि टाके सफाईचे आहेत म्हणाल्या. उलटीकडून पाहणारी बाई म्हणजे जाणकार.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

बोरा सुटलाय, पठारावरून येणारा आमचा झोडपणारा गार वारा. वाऱ्यात धरून चालायला कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधलेत. बाहेर गेलेच नाही.

अकराच्या सुमारास खोलीबाहेरच्या बोळातून कुणीतरी गेलं. जड पावलं, आणि डावा बूट करकरत होता. मी विणकाम टाकून दार उघडलं. कुणी नव्हतं. चौतीस वर्षं मी ते पाऊल जिन्यावर ओळखून सूप गॅसवर ठेवत आले. माझा कान चुकत नाही. पण शोकात कानही हट्टी होतात, असं स्वतःला समजावलं.

जेवताना सिन्योरा झानेत्ती सांगत होत्या, इथला तो मिशीवाला म्हातारा पोर्टर किती अदबीचा. सामान तयार आहे का विचारायला आला होता. त्यांनी सांगितलं, मी शनिवारी निघणार.

मी कोस्सुट्टांना विचारलं. ते म्हणाले, पोर्टर दोनच आहेत, दोघेही तरणे, मिशी कुणालाच नाही. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

पाहिला त्याला. भर दिवसा, अकरा वाजता, बोळातल्या खिडकीचं ऊन अंगावर पडलेलं. पट्ट्यांचं जाकीट. त्याचं तिसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं, कारण त्या दिवशी माझ्याकडचा तपकिरी दोरा संपला होता.

मी म्हटलं, तूलियो.

तो वाकला. पाहुण्यांसाठीचं ते हसू हसला, जे घरी आल्यावर टोपीबरोबर खुंटीला टांगायचा. म्हणाला, "सिन्योरा, आपलं सामान तयार आहे का?"

मी म्हटलं, अरे, मी एद्दा. तो अदबीने थांबून राहिला, कमी ऐकू येणाऱ्या पाहुण्यांसमोर थांबायचा तसा. मग मागच्या जिन्याचं दार उघडून गेला. तिथून तळघरासारखी गार हवा आली.

मी भ्याले नाही. भ्यायला हवं होतं बहुतेक. मला फक्त अपमान झाल्यासारखं वाटत राहिलं, दिवसभर.

शनिवार, ११ नोव्हेंबर

सिन्योरा झानेत्ती गेल्या.

मागच्या जिन्याच्या खालच्या वळणावर सापडल्या. बॅग शेजारी नीट उभी, पट्टा बांधलेला. डॉक्टर म्हणाले हृदय. पाहुणे त्या जिन्याने कधी जातच नाहीत.

नेवेंकाने माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं आणि सांगितलं. फेब्रुवारीपासूनच्या या तिसऱ्या. मे महिन्यात पादोव्याचे एक गृहस्थ, ऑगस्टमध्ये ग्रात्सची एक बाई. सगळे एकटे उतरलेले. सगळे त्याच वळणावर. तूलियोही तिथेच पडला होता, पाठीवर ट्रंक घेऊन. कोस्सुट्टांना कळलंय, पण ते तोंड उघडत नाहीत. "जा स्योरा, आजच्या आज घरी जा. तो दारात आला तर उघडू नका. तो आपला तूलियो राहिला नाही."

तिला मी एक गोष्ट सांगितली नाही. इथे लिहिते. सकाळी अकराला मी सत्तावीसच्या दारावर त्याची टकटक ऐकली. त्याचं बोलणं ऐकलं. मी जागची उठले नाही, कारण त्याचा आवाज ऐकत होते. नऊ महिन्यांनी ऐकत होते. एक हाक मारली असती तर ती बाई—

आज सान मार्तीनोचा सण. खाली नवी वाइन उघडलीय, लोक गातायत.

रविवार, १२ नोव्हेंबर

गेले नाही. जाववत नाही.

अकरा. तीनदा टकटक. मी दाराला आतून पाठ लावून बसले आणि बोलत राहिले. सान जाकोमो वस्तीतली आपली खोली, तुझ्या आईचं घड्याळ, आपलं न जगलेलं बाळ. सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "माफ करा, सिन्योरा, मला उशीर होतोय."

मी विचारलं, त्या बाईंना का नेलंस. म्हणाला, सामान एवढं जड नसतं, लोकच थकतात जिन्यात.

दाराखालून गार हवा. पाय बधिर.

सोमवार, १३ नोव्हेंबर

नऊला नेवेंका कोट घेऊन आली. चला, हाताला धरून पुढच्या दाराने नेते म्हणाली. तू हो पुढे, आलेच म्हटलं. कडी लावून घेतली. तिने खूप हाका मारल्या. आता गेली. कोस्सुट्टांना आणायला, बहुतेक.

अकरा.

आलाय. टकटक नाही. रडतोय— तूलियोला मी बाळ गेलं तेव्हाच रडताना पाहिलं होतं.

का रडतोस विचारलं. म्हणाला, शेवटचं सामान खाली नेलं की सुटी. पण नेलं की वर आणखी एक असतंच. घरी बायको ताटकळली असेल. जेवणार नाही ती माझ्याशिवाय.

नाव काय तिचं?

जिन्यात आठवतं, म्हणाला. त्या वळणावर अगदी ओठांवर येतं, आणि तेवढ्यात बरोबरचा माणूस खाली बसतो, आणि—

आता कळलं. त्याला कुणाला मारायचं नाहीये. त्याला घरी यायचंय.

मी नाही गेले तर उद्या दुसरं कुणी एकटं. परवा आणखी. आणि तो असाच, वर-खाली—

वळणापर्यंत मी टिकेन. मी धट्टीकट्टी आहे. त्याच्या ओठांवर येईल तेव्हा मी समोर असेन. त्याने एकदा माझं नाव म्हणावं. पुढचं पुढे.

कडी काढली. बॅग त्याने घेतली. हात फार गार. वही ठेवा म्हणतो. एकच ओळ, म्हटलं. थांबलाय. हसतोय, पाहुण्यांसाठीचं.

चला सिन्योरा, म्हणतो, जपून, पहिली पायरी जरा—